चार निळे शनिवार

खिडकीतून भुताचा हात आत आला तेव्हा पोस्टमनकाकांनी शेजारी बसलेल्या वसाहतीच्या चिटणिसांचं मनगट धरलं, ते चित्रपट संपून दिवे लागेपर्यंत सोडलं नाही.

दिवे लागल्यावर चिटणिसांच्या मनगटावर पाच बोटं उमटलेली सगळ्यांनी पाहिली. वसाहतीतल्या सिस्टर, म्हणजे तीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या परिचारिका, पुढे झाल्या. त्यांनी मनगट उलटसुलट करून पाहिलं, "हाड शाबूत आहे" असा निकाल दिला आणि मग साऱ्या हॉलच्या नजरा सावकाश जावकरावांकडे वळल्या. कारण वसाहतीच्या हॉलमध्ये दर शनिवारी पाच वाजता चित्रपट दाखवायचं काम जावकरावांकडे होतं.

"अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला भूत दाखवायचं म्हणजे काय!" सिस्टर म्हणाल्या.

"सूचना लावली होती," जावकराव म्हणाले. "बुधवारपासून फलकावर आहे. जावक क्रमांक चौदा."

हे खरं होतं. जावकराव ऑफिसात जावक विभागात अठ्ठावीस वर्षं होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा, हे त्यांचं काम. ते काम हातात इतकं मुरलं होतं की घरातून धोब्याकडे जाणाऱ्या चिठ्ठीवरसुद्धा ते क्रमांक घालत. त्यावरून पडलेलं हे नाव त्यांना मनातून आवडत असे, पण तसं ते दाखवत नसत. तर सूचना लावली होती. चित्रपट भीतिदायक आहे हेही तीत लिहिलं होतं. फक्त ते सहाव्या ओळीत होतं. आधीच्या पाच ओळींत चपला ओळीत ठेवणे, खुर्च्या न ओढणे, खोकला आल्यास मागील दाराने बाहेर जाणे, असे महत्त्वाचे मुद्दे होते.

"सहावी ओळ वाचतो कोण?" चिटणीस मनगट चोळत म्हणाले. "न वाचता कळेल अशी सूचना लावा."

कोणी दुसरा असता तर हा टोमणा समजून गप्प बसला असता. जावकरावांनी तो आदेश समजून वहीत टिपून घेतला.

घरी आल्यावर त्यांनी विषय काढला. त्यांची मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती, म्हणजे शिकायला लागून तीन महिने झाले होते. घरातल्या प्रत्येकाच्या वागण्यामागचं कारण तिला याच काळात कळत होतं.

"बाबा, सोपं आहे. माणूस शब्द नंतर वाचतो, रंग आधी. आम्हाला आहे हे. पिवळा म्हणजे आनंद. निळा म्हणजे दुःख. लाल म्हणजे प्रेम. काळा म्हणजे भीती. हिरवा म्हणजे शांतता. विनोदी चित्रपट असेल तर पिवळा कागद, रडका असेल तर निळा. संपलं."

"निळा म्हणजे दुःख?" स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "मग वर आभाळ काय रडत बसलंय का?"

"आई, तसं नसतं गं ते."

"आणि मारामारीच्या चित्रपटाला कुठला रंग?"

"लालच."

"प्रेमाला लाल आणि मारामारीलाही लाल?"

"छटा वेगळी असते, आई."

बायकोनं जावकरावांकडे क्षणभर पाहिलं. "खरंय," ती म्हणाली आणि आत गेली. जावकरावांना ते वाक्य आपल्याला उद्देशून आहे की विषयाला धरून, हे कळलं नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर असं न कळणंच बरं असतं.

आता इथेच त्यांनी पाच रंगांचे कागद आणून लावले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण लोकांना विश्वासात घ्यावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी छापील फॉर्म काढला. 'खालील रंग पाहून आपणांस काय वाटते ते लिहावे.' छत्तीस घरांत छत्तीस फॉर्म वाटले. परत आले एकेचाळीस, कारण पाच घरांत नवरा-बायकोचं एकमत झालं नाही.

सिस्टरनी लिहिलं होतं, 'पिवळा: कावीळ. हिरवा: ऑपरेशन. कृपया दोन्ही वापरू नयेत.' त्यावरही समाधान न होऊन त्या जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, "पिवळं काही दिसलं की मला समोरच्याची पापणी खाली ओढून बघावीशी वाटते. त्यात कसला आलाय आनंद?" तळमजल्यावर गाडी चालवायला शिकवणारे सर होते. त्यांनी कळवलं की लाल दिसल्यावर पुढे जायचं नाही, हे ते आयुष्यभर शिकवत आले. हॉलच्या दारावर लाल कागद लागला तर ते स्वतः बाहेरच थांबतील. त्यांच्या वरच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई राहत. त्यांचं म्हणणं, काळ्याइतका आनंदी रंग नाही. काळ्यात सगळी माणसं बारीक दिसतात, आणि आरशासमोरून हसत हसत जाणारी गिऱ्हाइकं त्यांनी फक्त काळ्यातच पाहिली आहेत. चिटणिसांनी प्रत्येक रंगापुढे एकच वाक्य लिहिलं होतं: 'कागद पांढरा असतो.'

पोस्टमनकाकांचा फॉर्म जवळजवळ कोरा होता. खाली थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'सगळेच रंग छान आहेत. पुन्हा या. बसून बोलू.' या उत्तराला तक्त्यात रकाना नव्हता. जावकरावांनी ते 'अनिर्णित'मध्ये टाकलं.

मग चिटणिसांनी नियम काढला. फलकाच्या नियमावलीत कलम सतरा होतं: पांढऱ्याखेरीज कोणताही कागद लावू नये. एके काळी एका शिकवणीवाल्यानं आपल्या रंगीबेरंगी जाहिरातींनी फलक भरून टाकला होता, तेव्हा रागाच्या भरात हे कलम केलेलं. ते बदलायचं तर विशेष सभा हवी. विशेष सभेची सूचना चौदा दिवस फलकाच्या काचेच्या आत हवी. आणि काचेच्या दाराची किल्ली मागचे चिटणीस घर सोडून जाताना चुकून बरोबर घेऊन गेले होते. इतकी वर्षं सगळ्या सूचना काचेवर बाहेरून चिकटत होत्या, म्हणजे नियमानं पाहिलं तर वसाहतीत कुठलीच सूचना कधी लागलेली नव्हती. हा शोध लागल्यावर चिटणीस दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी कुलूप तोडलं. ते तोडताना काचही गेली. 'आत' आणि 'बाहेर' हा भेदच उरला नाही, त्यामुळे एक अडचण आपोआप सुटली. सभेला नऊ माणसं आली आणि कलम सतरा बदललं.

कागदाच्या दुकानात लाल आणि काळा नव्हता.

"काळ्यावर लिहिणार कशानं?" दुकानदारानं विचारलं. याचा विचार मुलीच्या मानसशास्त्रात झालेला नव्हता. "राखाडी घ्या."

"राखाडी म्हणजे भीती होईल का?"

"होईल की. जरा लांबून पाहिलेली. आणि लालच्या जागी गुलाबी न्या. गुलाबी म्हणजे लालच, थोडा लाजलेला."

जावकरावांना त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला. एकेचाळीस फॉर्ममध्ये असं एक वाक्य नव्हतं.

पहिला शनिवार पिवळा लागला. हॉल भरला, मागे उभं राहायलाही जागा नव्हती. माणसं पोट धरून हसली. जावकराव दारापाशी हात मागे बांधून उभे होते. दुसरा शनिवार गुलाबी, त्याला जोडपी आली. राखाडीला ज्यांना भ्यायचं होतं तेच आले आणि समाधानानं ओरडले. हिरवा कागद म्हणजे प्राण्यांविषयीचा माहितीपट. त्याला जावकराव आणि त्यांची मुलगी अशी दोनच माणसं होती, पैकी मुलीला मध्येच फोन आला. पण त्यात रंगाचा दोष नव्हता.

महिना-दोन महिन्यांत रंग लोकांच्या तोंडात बसले. "आज काय, पिवळा का?" असं जिन्यात विचारू लागले. शिवणाच्या बाई नवऱ्याशी बिनसलं की म्हणत, "आमच्याकडे सकाळपासून राखाडी आहे." जावकराव हे ऐकत आणि दोन पायऱ्या सावकाश उतरत. आयुष्यात प्रथमच त्यांच्या हातून बाहेर पडलेली एखादी गोष्ट लोक नुसती वाचत नव्हते, वापरत होते.

मग चिटणिसांच्या घरचे पांढरे कागद संपले.

त्यांनी टाकी साफ करायची सूचना हाताला लागलेल्या निळ्या कागदावर लिहून लावली. छत्तीस घरांनी लांबून निळा रंग पाहिला, 'रडका दिसतोय' असं म्हटलं आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ फुर्रफुर्र करून थांबले. सिस्टर त्या वेळी डोक्याला साबण लावून उभ्या होत्या. डोक्यावर फेस, त्यावर टॉवेल, अशा त्या जिने उतरून आल्या आणि चिटणिसांच्या दारात उभ्या राहिल्या. चिटणिसांनी बोट वरच्या मजल्याकडे केलं. सिस्टर तशाच जिने चढून जावकरावांकडे आल्या.

"डोळ्यांत साबण गेलाय माझ्या," त्या म्हणाल्या. "रडका होता हे मात्र खरं."

याहून वाईट पुढे होतं. वार्षिक सभेची सूचना चिटणिसांनी उरलेल्या पिवळ्या कागदावर काढली. सभेला एरवी बारा माणसं येत, त्यांतली चार दाराजवळ बसत. या वेळी हॉल भरला. मुलं पुढे जमिनीवर, मांडीवर बिस्किटांचे पुडे. चिटणीस भारावले. त्यांनी घसा साफ केला आणि लिफ्टचा अहवाल वाचायला घेतला.

"अहवालवर्षात लिफ्ट एकोणीस वेळा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. पैकी अकरा वेळा मी स्वतः आत होतो."

हॉलमध्ये हशा कोसळला. चिटणिसांनी चष्म्यावरून पाहिलं. "यात हसण्यासारखं काय आहे? एकदा तर मी पावणेदोन तास आत होतो, आणि सोडवायला आलेला माणूस दुसऱ्या इमारतीत गेला." गाडीवाले सर खुर्चीवरून घसरले. शिवणाच्या बाई डोळे पुसत "बास, बास" म्हणू लागल्या. तेरा वर्षांत चिटणिसांच्या सभेतून अर्ध्यावर कोणी उठून गेलं नाही, असं त्या दिवशी प्रथमच झालं, आणि त्यामुळे नेमकं किती रागवावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी अहवाल घडी करून खिशात घालत ते एवढंच म्हणाले, "मी काय विदूषक आहे?" त्यालाही टाळ्या पडल्या.

त्या दिवसापासून चिटणिसांनी जावकरावांशी बोलणं टाकलं. जावकराव घरी येऊन बायकोला म्हणाले, "रंगात चूक नव्हती. चुकीच्या माणसाच्या हातात कागद गेला." बायको म्हणाली, "सगळ्याच कागदांचं तसं असतं."

तरीही एवढ्यावर निभावलं असतं. पण जावकरावांकडे हजेरीपट होता. कोणत्या रंगाला कोण आलं, हे ते नावापुढे खूण करून ठेवत. एका दुपारी पट चाळताना त्यांना दिसलं की पोस्टमनकाका पिवळ्याला येत नाहीत, गुलाबीला येत नाहीत, राखाडीला तर आता येणंच शक्य नाही. पण महिन्यातून एकदा निळा लागतो, त्याला मात्र न चुकता येतात. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची. काकांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा दूर होता. माणसाला रडायलासुद्धा जागा लागते, आणि यांना ती फक्त आपल्या हॉलमध्ये मिळते, असा विचार करून त्यांचे डोळे हजेरीपटावरच भरून आले.

त्यांनी कोणाला न विचारता पुढचे चार शनिवार निळे केले.

पहिल्या चित्रपटात आई मुलाला शोधत होती आणि तो तिला सापडला नाही. दुसऱ्यात म्हातारा घोडा होता. तिसऱ्यात एका गायिकेचा आवाज गेला, आणि ज्याच्यासाठी ती गात होती तोही गेला. चौथा दीपगृहात राहणाऱ्या जोडप्याचा होता. त्यात शेवटी दिवासुद्धा विझला. वसाहतीवर अवकळा पसरली. गाडीवाले सर घोड्याच्या चित्रपटानंतर दोन दिवस शिकवायला गेले नाहीत. शिवणाच्या बाईंनी एका लहान मुलीच्या फ्रॉकला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. हॉलमध्ये येणारी माणसं साठावरून अकरावर आली. ती अकरा माणसं दिवे लागल्यावर नाकं पुसत बसून राहत. मग सिस्टर "आता काय करणार!" म्हणत घरून किटली भरून चहा आणत.

"बाबा, हे लोकांच्या मनाला चांगलं नाही," मुलगी म्हणाली. आता तिला आठ महिने झाले होते.

"एका माणसाच्या मनाला चांगलं आहे," जावकराव म्हणाले आणि कोण ते सांगितलं नाही.

चौथ्या शनिवारनंतर सिस्टरनी सह्या गोळा केल्या. विशेष सभा ठरली. विषय एक: रंग बंद करणे. विषय दोन: जावकरावांकडून चित्रपटाचं काम काढून घेणे.

सभेच्या आदल्या संध्याकाळी जावकराव हजेरीपट काखेत मारून पोस्टमनकाकांकडे गेले. काकांनी स्वतः सभेत उभं राहून दोन शब्द सांगितले, तर लोकांना कळेल, असा त्यांचा विचार होता. काकांनी दार पहिल्याच टकटकीला उघडलं, जणू ते दारामागेच उभे होते. खोली लख्ख. दोन खुर्च्या समोरासमोर, एकीवर उशी. काकांनी उशीची खुर्ची पुढे केली आणि चहा ठेवायला गेले. चहा येईपर्यंत दहा मिनिटं गेली, त्यात काकांनी त्यांना घर, ऑफिस, मुलीचं कॉलेज, गुडघे, सगळं विचारून घेतलं.

"काका," जावकराव शेवटी म्हणाले, "या चार चित्रपटांनी जरा हलकं वाटलं ना?"

"कुठले चार?"

"शनिवारचे. घोड्याचा, दीपगृहाचा..."

"त्यात घोडा होता?" काकांनी विचारलं. मग जरा ओशाळून म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. त्या भुतानंतर मी दिवे मालवले की कानातलं यंत्र काढून खिशात टाकतो. झोप फार छान लागते तुझ्या हॉलमध्ये."

जावकरावांनी कप खाली ठेवला. "मग निळ्यालाच का येता?"

काकांनी खुर्ची जवळ ओढली. "असं बघ. पिवळा संपला की लोक हसत हसत चपला घालतात आणि जातात. पाच मिनिटांत हॉल रिकामा. गुलाबी संपला की जोडपी जातात. पण निळा संपला, की कोणी उठत नाही. रडून झालेल्या माणसाला लगेच घरी जाववत नाही रे. बसून राहतात. मग चहा येतो. मग कोणी आपल्या आईचं सांगतं, कोणी भावाचं. मलाही कोणीतरी विचारतं." त्यांनी बिस्किटाचा चुरा टेबलावरून तळहातावर घेतला. "चाळीस वर्षं रोज दोनशे दारं केली मी. प्रत्येक दारात दोन वाक्यं. आज कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं. दिवसाची चारशे वाक्यं झाली. आता कधी कधी संध्याकाळपर्यंत एकही होत नाही."

जावकरावांना चार शनिवार, अकरा माणसं, दोन डाव्या बाह्या, सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं.

"हे सभेत सांगतो," ते म्हणाले. "लोक समजून घेतील."

"नको!" काका पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "कळलं की लोक माझ्यासाठी म्हणून थांबतील. मग पाळ्या लागतील. 'आज काकांकडे बसायची पाळी तुमची.' माणूस घड्याळ बघत बसेल माझ्यासमोर. आणि तू तर त्याचा तक्ता करशील."

तक्त्याचे रकाने जावकरावांच्या मनात खरोखरच पडायला लागले होते. ते लाजले. "नाही सांगणार," ते म्हणाले.

"शपथ?"

"शपथ."

सभेला पंचेचाळीस माणसं आली. जावकराव समोर एकटे खुर्चीवर. सिस्टर उभ्या राहिल्या. "रंगांबद्दल नंतर बोलू. मला आधी एवढंच सांगा, सलग चार शनिवार निळा का? आम्ही काय पाप केलं होतं?"

जावकराव उठले. उत्तर लिहून आणलं होतं, त्यावर जावक क्रमांकही होता, पण ते काकांकडे जायच्या आधी लिहिलेलं. आता त्याचा उपयोग नव्हता. दुसऱ्या रांगेत काका दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे एकटक बघत होते. अठ्ठावीस वर्षांत जावकरावांनी क्रमांक नसलेलं एकही विधान केलं नव्हतं.

"मला निळे चित्रपट आवडतात," ते म्हणाले.

मागे गाडीवाले सर जोरात खोकले.

"म्हणजे दुःखाचे," जावकरावांनी घाईनं दुरुस्त केलं. "मला... मला रडावंसं वाटतं. बरेच दिवस."

मग सिस्टर चालत पुढे आल्या. त्यांनी जावकरावांची पापणी खाली ओढून पाहिली, नाडी धरली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "किती दिवस आहे हे? आणि तुम्ही हसत हसत आम्हाला पिवळा दाखवत होता!" शिवणाच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. चिटणीस उठले, दोन महिन्यांचा अबोला मोडून जावकरावांजवळ आले आणि म्हणाले, "मी लिफ्टमध्ये असताना माझंही असंच होतं हो." दोन्ही विषय तहकूब झाले. एकच ठराव पास झाला, तोंडीच: यांना यापुढे एकटं सोडायचं नाही.

सगळ्यांसमोर बापुडं होणं ही जावकरावांच्या दृष्टीनं कामावरून काढण्याहून मोठी शिक्षा होती. ऑफिसला निघताना लोक त्यांच्या पाठीवर हात ठेवू लागले. एकानं सकाळी फिरायला जायचा सल्ला दिला, दुसऱ्यानं फिरणं बंद करायचा. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलत जा, आतल्या आत साठवू नका," आणि वही घेऊन समोर बसली.

बायकोनं मात्र दोन दिवस नुसतं पाहून घेतलं. तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं, "त्यात मी आहे का?"

"कशात?"

"तुमच्या त्या दुःखात."

"नाही गं."

"पोरगी?"

"नाही."

"ऑफिस? तब्येत?"

"छे."

तिनं हातातला सदरा नीट घडी करून ठेवला. "मग ते तुमचं नाहीच. दुसऱ्या कोणाचं तरी आहे."

जावकरावांनी वर्तमानपत्र वर केलं. ते उलटं होतं.

"बरं," बायको म्हणाली. "नका सांगू. मग हरकत नाही."

पुढच्या शनिवारी पिवळा होता. सिस्टरनी तो मुद्दाम निवडला होता, आणि दुपारपासून घरोघरी जाऊन बजावलं होतं, "यांना धीर द्यायला सगळ्यांनी यायचं." पोस्टमनकाकांच्या दारातही त्या गेल्या. काका आले. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावलेले केस.

चित्रपट संपला, माणसं हसत हसत उठली, तोच सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कोणीही जायचं नाही. बसा खाली. हा माणूस घरी गेला की विचार करत बसेल." खुर्च्या ओढून मोठा गोल झाला. मधोमध जावकराव. चहाच्या तीन किटल्या आल्या. सुरुवातीला सगळे त्यांच्याकडे काळजीनं बघत गप्प बसले, आणि एवढ्या माणसांनी एकाच माणसाकडे काळजीनं बघणं कोणालाच फार वेळ जमेना.

काका त्यांच्या शेजारीच होते. त्यांनी जावकरावांच्या गुडघ्यावर थोपटलं. "होतं असं, बाळा. तुला एक गंमत सांगतो, मन रमेल तुझं. एकदा माझ्याकडे एक पत्र आलं. वर पत्ता काय? 'दुसऱ्या मजल्यावरची रागीट बाई.' बस, एवढंच. दुसऱ्या मजल्यावर दारं तीन. आता कसं विचारायचं? मी पहिल्या दारात गेलो, नमस्कार केला, म्हटलं, 'माफ करा, रागीट बाई आपणच का?'"

"मग?" मुलं पुढे सरकली.

"मग काय! ती अशी काही भडकली, की मी पुढे एक शब्द न बोलता पत्र तिच्या हातात दिलं."

हॉल खदखदून हसला. "हळू हसा," सिस्टर दटावत होत्या, आणि त्यांचेच खांदे हलत होते. चिटणिसांनी विचारलं, पत्र खरंच तिचं निघालं का. काका म्हणाले, ती तर पुढची गोष्ट आहे. शिवणाच्या बाईंना एकदम आपली आत्या आठवली, तीही दुसऱ्याच मजल्यावर राहायची. गाडीवाल्या सरांनी खुर्ची पुढे ओढली. अर्धा तास झाला, पाऊण झाला, दाराकडे कोणी बघेना.

जावकरावांच्या पोटातून हसू वर यायला लागलं. ते गालांत दाबावं तर डोळ्यांतून बाहेर येऊ लागलं. इतक्यात बायको चहाचा कप घेऊन त्यांच्यावर वाकली. तिची नजर एकदा काकांकडे गेली आणि परत आली.

"अहो," ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "तोंड पाडा जरा. तुम्ही हसायला लागलात, तर सगळे घरी जातील."

जावकरावांनी कप घेतला, मान खाली घातली आणि जमेल तेवढा खोल उसासा सोडला. समोरून लगेच दोन-तीन हात त्यांच्या खांद्यावर आले, कोणीतरी बिस्किटांची ताटली पुढे केली, आणि काकांनी दुसरं पत्र काढलं.